कोपऱ्यातले बारीक चौकोन

१

"…एकटी नाही राहत ती. मी डोळ्यांनी पाहिलंय. ती ऑफिसात असते ना, तेव्हा दुपारी तिच्या खिडकीत…"

एवढंच माझ्या कानावर आलं. जिन्याच्या वळणावर माझी चप्पल वाजली आणि खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या दोघी बटण दाबल्यासारख्या गप्प झाल्या. एक तळमजल्यावरची शिवणवाली, दुसरी तिच्याकडे बाह्या सैल करून घ्यायला आलेली कुणीतरी.

"काय म्हणत होतात?"

"काही नाही काकू. पाणी कमी दाबानं येतंय, तेच."

पाण्याबद्दल बोलताना कुणी आवाज खाली करत नाही, एवढं मला पन्नाशीत कळतं. शिक्षण माझं बेताचंच आहे, पण कान शाबूत आहेत. पूर्ण बातमी पचते हो. अर्धी बातमी दातात दोरा अडकल्यासारखी दिवसभर जिभेला लागत राहते.

"ती" म्हणजे आमची शेजारीण. दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं आहेत, आमचं आणि तिचं, आणि मध्ये एकच भिंत. सगळी इमारत तिला जाळीवाली म्हणते. आली त्या दिवशी तिनं घरमालकांना सांगितलं होतं, मी जाळ्यांवर काम करते. मालकांनी ते सगळ्यांना सांगितलं, आणि आठवड्याभरात दोघा जणांनी तिला खिडक्यांना डासांची जाळी बसवायचा भाव विचारला. ती बिचारी हसली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

ह्यांना मी जिन्यातलं सांगितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुला काय करायचंय?"

तीस वर्षं हा एकच प्रश्न. उत्तर ऐकायला कधी थांबले नाहीत.

२

चहाचं निमित्त करून मी गेले. खरं सांगते, आधी दाराशी पुरुषाच्या चपला आहेत का ते बघितलं. नव्हत्या. दांडीवर दुसऱ्या कुणाचा टॉवेल नव्हता. मोरीत ब्रश एकच.

ती टेबलापाशी दोन्ही हातांत डोकं धरून बसली होती. आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच काम करायची. मोठं मशीन तिच्या ऑफिसात, इथून ती त्याला गणित पाठवायची आणि चित्रं परत यायची.

"काय झालं गं?"

"काकू, गेल्या महिन्यात अकरा तास लागत होते. आता चौदा लागतायत. मी वेळ कमी करायला बसलेय आणि वाढतोय!" तिनं टेबलावर थाप मारली तसा चहा बशीत सांडला.

मी बसले. कसलं गणित, ते विचारलं. तिला सांगायची हौस होती आणि ऐकायला कुणी नव्हतं, हे मला आधीच ठाऊक होतं.

ती संगणकात आग लावून बघायची. खोलीत गॅस साठला, ठिणगी पडली, तर ज्योत कुठून कशी पळते ते. "समजा ही खोली," ती म्हणाली, "हिचे चौकोनी डबे पाडायचे. त्यालाच आम्ही जाळी म्हणतो. प्रत्येक डब्यात हवा किती, गॅस किती, किती तापलंय, कुठं वाहतंय, हे मशीन काढतं. त्यात जळताना एकाचं दुसरं होतं, दुसऱ्याचं तिसरं. ते गणित तर जीव खातं. सगळीकडे बारीक डबे पाडले तर वर्ष जाईल. म्हणून ज्योतीच्या कडेला बारीक आणि जिथं काहीच घडत नाही तिथं मोठे."

"आणि कुठं काय घडतंय हे त्याला कोण सांगतं?"

"ते स्वतःच ओळखतं. शेजारशेजारच्या डब्यांत फरक दिसला की तिथं आणखी बारीक बघायला लागतं."

"म्हणजे माझ्यासारखंच की."

ती खळखळून हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा असेल. मग डोळे पुसत म्हणाली, "पंधरा तारखेला तपासणी आहे. वेळ निम्म्यावर आला नाही तर करार संपला. आणि करार नाही तर ढब्बू अजून एक वर्ष आजीकडेच."

ढब्बू तिची सात वर्षांची लेक. नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर दोन वर्षं पोर आजीआजोबांकडे होती. रोज संध्याकाळी फोनवर एकच विचारायची, आई, मी कधी येऊ? भिंतीतून मला ऐकू यायचं. मुद्दाम ऐकत नव्हते, पण कान काही कपाटात ठेवता येत नाहीत.

"पलंग कुठं ठेवणार तिचा?" मी विचारलं.

तिनं आतल्या खोलीकडे बोट केलं. आमच्या बाजूच्या भिंतीशी कोपरा होता, मोकळा, झाडून पुसून ठेवलेला. "तिथं."

३

दुसऱ्या दिवशी तिनं मला बोलावलं. हो, तिनंच.

"काकू, टेपचं टोक धराल का जरा?"

तेव्हा कळलं की गणितातली खोली म्हणजे तिची स्वतःचीच खोली. नमुन्याला कुठलीतरी खोली लागत होती, तिनं हाताशी असलेली घेतली. बाहेरची आणि आतली, मध्ये दार. मला ते काही बरं वाटलं नाही. आपल्याच घराचं माप घालायचं आणि रोज ते पेटवायचं. पण सुशिक्षितांना काय सांगणार.

"माप कशाला परत?"

तिनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. वरून पाहिल्यासारखी खोली दिसत होती, आणि तिच्यावर मोठेमोठे चौकोन. बाहेरच्या खोलीत, जिथं ठिणगी पडणार होती, तिथं चौकोन बारीक होत गेलेले. ते मला समजलं. पण आतल्या खोलीत, पलंगाच्या कोपऱ्यात, आणखी एक पुंजका होता. तिथं चौकोन इतके बारीक की काळा डाग पडल्यासारखं दिसत होतं.

"इथं काही नाहीये," ती म्हणाली. "गॅस नाही, आग नाही, हवा स्थिर. आणि मशीन इथंच डोळे फाडून बघत बसलंय. सगळा वेळ इथं जातो."

"भिंतीला फुगवटा असेल. जुनी इमारत आहे."

"म्हणूनच टेप."

आम्ही मोजलं. लांबी, रुंदी, कोपऱ्यातून कोपऱ्यात, जमिनीपासून छतापर्यंत. मी गुडघ्यावर बसून टोक धरलं होतं. भिंत सरळ होती. सगळे आकडे तिनं आधी घातलेले तेच निघाले. माझं मन म्हणत होतं, चला, मशीनच बिघडलंय. मशीन बिघडणं केवढी सोयीची गोष्ट असते.

उठताना मी कोपऱ्यातून बाजूला झाले आणि उगाचच पदर सारखा केला. का केला, ते तेव्हा लक्षात आलं नाही. कुणासमोरून जाताना आपण करतो तसा केला.

४

आठवडा असाच गेला. ती मशीनशी भांडायची, मी ह्यांच्याशी. फोनवर तिचे साहेब सांगायचे, कुठं बारीक बघायचं याचा तुझा निकष चुकलाय, बदल. ती निकष बदलायची. साहेब म्हणायचे, थंड डब्यांतलं जळण्याचं गणित वगळ. तिनं वगळलं. बाकी सगळीकडे वेळ वाचला आणि वाचलेला सगळा त्या कोपऱ्यानं गिळला.

"साहेब, मी हे चार वेळा करून पाहिलंय!" भिंतीपलीकडून तिचा आवाज चढायचा. मग पावलांची येरझार. मग काहीतरी आपटल्याचं. मी पोळपाट बाजूला ठेवून जायची.

एका दुपारी गेले तर ती ओरडत नव्हती, आणि तेच मला बरं वाटलं नाही. गुडघे पोटाशी घेऊन खुर्चीत बसली होती.

"काकू, तुम्हाला एक दाखवते. तुम्ही हसा त्याला."

आतापर्यंत चित्रं वरून पाहिलेली. तिनं आता खोलीचे आडवे काप काढले होते, पावाचे काढतात तसे, जमिनीपासून वर.

पहिला काप फरशीलगतचा. कोपऱ्यात दोन लहान पुंजके, शेजारीशेजारी, मध्ये वीतभर अंतर.

गुडघ्याच्या उंचीचा. पुन्हा दोनच.

कमरेशी एक.

छातीशी एक, रुंद.

मग अरुंद. मग एक गोल, नारळाएवढा. त्याच्या वरच्या कापात मोठे मोकळे चौकोन, स्वच्छ.

मी हसले नाही.

"हवा कशाच्या तरी भोवतीनं जाते तेव्हा असे चौकोन पडतात," ती म्हणाली. "मध्ये काहीतरी ठेवलं असेल तर. मी काहीही ठेवलेलं नाही."

"आग लागल्यावर होतं का असं?"

"नाही." ती पडद्याकडेच बघत होती. "ठिणगी पडायच्या आधीपासून असतं. आग लागली की ते…" आणि तिनं मान झटकली. "योगायोग आहे. आकड्यांच्या चुका साठल्या की काहीही दिसतं. ढगात हत्ती दिसतो ना, तसं."

मी तिच्या खांद्यावरून आतल्या खोलीत पाहिलं. दुपारचं ऊन थेट कोपऱ्यापर्यंत पोचलं होतं. कोपरा रिकामा होता. सावली नाही, काही नाही. मी जरा जास्तच वेळ बघितलं असेल, कारण बाहेरच्या रस्त्यावरचा आवाज मला ऐकूच येईनासा झाला होता.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिनं झोप काढली पाहिजे. आणि तू स्वयंपाक."

५

पंधरा तारखेला पाच दिवस उरले होते. त्या दिवशी तिचा फोनवर ढब्बूशी चाललेला संवाद मी ऐकला. ढब्बू विचारत होती, माझा पलंग आणला का? आणि ही म्हणत होती, आणते गं, आणते. आवाजात अजिबात जोर नव्हता.

माझं डोकं फिरलं. एवढी हुशार पोर एका रिकाम्या कोपऱ्यापायी हरणार? मी गेले आणि फाडकन म्हणाले, "अगं, त्या कोपऱ्यात काही नाही ना?"

"नाही."

"मग मशीनला सांग ना, तिकडे बघू नकोस म्हणून. मी नाही बघत माळ्यावर. माळा काही माझ्यावाचून अडत नाही."

ती मला समजावायला लागली की असं करत नाहीत, कुठं बघायचं ते मशीननंच ठरवायचं, तोच तर कामाचा जीव आहे. बोलताबोलता थांबली. बोटं कळफलकावर गेली. लबाडी करताना पोरं ओठ चावतात तसा ओठ चावून तिनं त्या कोपऱ्याभोवती एक चौकट आखली. चौकटीच्या आत डबे मोठेच राहतील, काही दिसलं तरी.

त्या खेपेला दहा तास लागले. दुसऱ्या दिवशी चित्र आलं तेव्हा कोपरा मोकळा होता. पुंजका चौकटीच्या बाहेर, कडेला लागून उभा.

"सरकलं," मी म्हणाले.

"सरकलं बिरकलं काही नाही. चूक पसरलीये." तिनं चौकट मोठी केली. आठ तास. पुंजका पुन्हा कडेबाहेर, आमच्या भिंतीला लागून. तिनं चौकट सगळ्या भिंतीभर ओढली.

चार तास.

तिनं सगळे काप उलटसुलट पाहिले. कुठंच काही नव्हतं. आतली खोली कोऱ्या वहीसारखी, आणि ज्योत बाहेरच्या खोलीत जिथं असायला हवी तिथंच.

"गेलं! काकू, गेलं!" तिनं मला खुर्चीतून उठवून गरगर फिरवलं. माझा चष्मा पडला. आम्ही दोघी बायका दुपारी तीन वाजता वेड्यासारख्या नाचलो.

श्वास लागल्यावर मी विचारलं, "भिंतीपलीकडचं त्याला दिसतं का गं?"

"कोणाला?"

"मशीनला."

"नाही. जाळी भिंतीपाशी संपते. पलीकडे काहीच नाही." मग हसली. "म्हणजे तुमचं घर आहे. पण त्याला ते माहीत नाही."

६

करार वाढला, आता तिला रोज ऑफिसात जायचं होतं. साहेबांनी चौकटीबद्दल विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पलंग आला, मीच पलीकडून धरून आत घेतला. ढब्बूची शाळा ठरली. शाळा एकला सुटणार, आई सहाला येणार. मधल्या वेळेचं मी आधीच कबूल केलं होतं. "माझ्याकडे बसेल. मला तरी कोण आहे दुपारचं?"

आता हे मी कसं सांगू.

आमची ओट्याची बाजू तिच्या भिंतीला लागून आहे. एका दुपारी दूध तापत ठेवलं होतं आणि शेगडीची ज्योत वाकली. भिंतीपासून दूर, माझ्या बाजूला. कुणी शेजारून गेलं की वाकते तशी. मग सरळ झाली.

खिडकी बंद होती. पंखा बंद होता. मी चिमटीत चुरगळलेला कागद पेटवून भिंतीलगत फिरवला, कुठं फट आहे का बघायला. धूर सरळ वर गेला. एका जागी मात्र फाटला. दोन बाजूंनी गेला आणि वर पुन्हा एक झाला.

कागद मी मोरीत टाकला आणि दोन वेळा पाणी ओतलं.

"बर्नर चोंदलाय," हे म्हणाले. शेगडीवाला आला, सगळं खोलून घासून गेला. दुसऱ्या दिवशी ज्योत पुन्हा वाकली. हे उभे असताना वाकली.

"बघा! बघा!"

"दार उघडं असेल."

"बंद आहे!"

"मग खिडकी."

माणसानं किती डोकं आपटावं? मी ह्यांच्या हाताला धरून खिडकीची कडी दाखवली. ह्यांनी कडी बघितली, ज्योत बघितली, आणि म्हणाले, "गॅसचा दाब कमीजास्त होतो." आणि बाहेर जाऊन पेपर उघडला. पेपर उलटा होता, एवढं मी बघितलं.

पुढचे तीन दिवस ज्योत वाकत राहिली. रोज भिंतीपासून दूर. चौथ्या दिवशी भिंतीकडे वाकली. म्हणजे आता ते माझ्या मागच्या बाजूला होतं.

मी वळले नाही. दूध उतू गेलं, ते मी बघत राहिले.

७

ढब्बू आईकडे राहायला आली आणि सोमवारी शाळा सुटल्यावर थेट माझ्याकडे. गाल नावाला शोभणारे, दोन दात पडलेले, बडबड अखंड. पाठीवरचं दप्तर न काढताच तिनं मला विचारलं की तुमचे पाय एवढे भेगाळलेले का, आणि हे काका पेपर किती वर्षं वाचतायत. हे दाबून हसले आणि दुपारचं जेवण उरकून परत कामावर गेले. मी मनात म्हटलं, देवा, ही तर माझीच छोटी आवृत्ती.

तिला बाहेरच्या खोलीत बसवलं. स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही, असं मी रात्रीच ठरवलं होतं. पण पोरांना कुठं काय ठरवलंय ते कळतं. मी पाण्याचा पेला भरत होते, तोवर ती दारात.

स्वयंपाकघराचं आमचं दार चांगलं रुंद आहे. दोन माणसं शेजारून जातील. ढब्बू सरळ आत आली नाही. तिनं दप्तर पोटाशी घेतलं, अंग चोरलं, आणि चौकटीला पाठ घासत आडवी सरकत आली. गर्दीतून वाट काढताना करतो तसं.

"अगं, अशी का येतेस?"

तिनं माझ्याकडे मोठ्या माणसाच्या मूर्खपणाकडे बघतात तसं बघितलं.

"मग काय ढकलू?"

पेला माझ्या हातून सुटला नाही. मी तो नीट ओट्यावर ठेवला. शेजारची किल्ली माझ्याकडे असायचीच. ढब्बूचा हात धरला आणि म्हटलं, चल, तुझ्या घरी बसू. दाराशी आले तेव्हा ती पुन्हा अंग चोरायला लागली. मी तिला उचललं. सात वर्षांची, जड पोर. मला कंबर आहे की नाही हे मी त्या दिवशी विसरले. दारातून जाताना मी डोळे मिटले होते. उजव्या दंडाला गार लागलं, एवढं खरं.

सहापर्यंत मी तिच्याबरोबर तिच्या घरी बसले, पलंगाच्या कोपऱ्यात. कोपरा चांगला होता. ऊबदार. ढब्बू उताणी पडून पाय भिंतीवर चालवत होती. मला तिथं काहीही वाटलं नाही, आणि त्याचंच रडू आलं.

जाळीवाली आली. मी जिन्यात नेऊन तिला सांगितलं, "माझ्याकडे नाही जमायचं गं. दुसरी कुणी बघ."

"एका दिवसात? काय केलं तिनं?"

"काही नाही. गुणी आहे."

"मग?"

मी तुला म्हणाले होते, मशीनला सांग तिकडे बघू नकोस म्हणून. तू सांगितलंस. हे मला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "माझी कंबर धरते."

तिचा चेहरा असा बंद झाला की बघवेना. "काकू, तुमच्या भरवशावर मी तिला आणलं."

"आणलंस ते बरंच केलंस. तुझ्या घरात ती सुखानं राहील. माझ्याकडे मात्र पाठवू नकोस. तुझ्या घरी येऊन सांभाळते हवं तर. रोज येते. एकपासून सहापर्यंत."

"कंबर माझ्या घरी धरत नाही वाटतं," ती म्हणाली आणि दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं मुलीला पाळणाघरात घातलं. आता जिन्यात भेटलो तरी ती ढब्बूचा हात धरून पुढं होते.

परवा दुपारी शिवणवाली पायऱ्यांवर भेटली. या खेपेला मीच तिला अडवलं.

"त्या दिवशी काय सांगत होतात? जाळीवाली एकटी राहत नाही म्हणून?"

ती चपापली. मग हळूच म्हणाली, "खोटं नाही काकू. ती बाहेर गेली की तिच्या आतल्या खिडकीत कुणीतरी उभं असायचं. भिंतीच्या बाजूला तोंड करून. मी खालून बघायची."

"कुणाच्या भिंतीच्या?"

"तुमच्या."

"खरं असेल," मी म्हणाले. "पण आता नाही तिच्याकडे. लोकांना सांगा तसं. लेकरू आहे घरात, उगाच नाव नको. तिच्याकडे ती आणि मुलगी, दोघीच राहतात."

"मग ते कुठं गेलं?"

तिनं माझ्या मागे, वर, आमच्या दाराकडे बघितलं, आणि खाली जाऊन शिलाई मशीन चालू केलं.

दुधाची पिशवी माझ्या हातात होती. हे यायला अजून तीन तास होते. मी तिथंच पायरीवर बसले.